१५ फुटी फ्रेमच्या पूलला स्किमर बसवायचाय? भोक पाडण्याआधी पाण्याची पातळी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरजवळ तुळजापूर रोडला शेतावर १५ फूट व्यासाचा, ४ फूट उंचीचा लोखंडी फ्रेमचा पूल उभा केलाय. कडेला कडुलिंबाची दोन मोठी झाडं आहेत. पूलबरोबर आलेला कार्ट्रिजचा (म्हणजे बदलता येणाऱ्या घडीदार फिल्टरचा) पंप चालतो, पण पानं, मोहोर, किडे जे वर तरंगतं ते तसंच राहतं. ते काढायला स्किमर हवाय, म्हणजे पाण्याचा वरचा थर ओढून घेणारं खोकं. प्लंबर म्हणतोय, "साइडला भोक पाडतो, नहाणी ट्रॅप आडवा बसवतो, झाला तुमचा स्किमर." हे करावं का? पुढच्या वर्षी पत्र्याच्या भिंतीचा मोठा पूल घ्यायचा विचार आहे, त्याला कसा बसवतात? आणि मेहुण्यांच्या शेतावर सिमेंटचा हौद आहे, त्याला काही जमेल का?

प्लंबरला आज फोन करून थांबवा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

फ्रेमच्या पूलची भिंत म्हणजे मध्ये जाळीचं कापड आणि दोन्ही बाजूंनी पीव्हीसी चढवलेली शीट. पाणी भरलं की ती चारी बाजूंनी ताणली जाते आणि सगळा पूल त्या ताणावर उभा असतो. ४५७ सेंटिमीटर व्यास आणि मीटरभर पाणी धरलं तर आत सोळा हजार लिटरच्या वर पाणी बसतं, म्हणजे सोळा टन वजन. वरच्या भागात दाब कमी असतो हे खरं. त्यामुळे पातळीजवळ पाडलेलं भोक त्याच दिवशी फाटणार नाही, आणि म्हणूनच प्लंबरला वाटतं की जमलं. पण ब्लेडने कापलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यातून चीर निघते. पोरं भिंतीला रेलली की ती खाली सरकते. कापलेल्या कडेतून आतल्या जाळीत पाणी शिरतं आणि थर सुटू लागतात, ते वेगळंच. नहाणी ट्रॅप हा फरशीत, सिमेंटमध्ये गाडायचा माल आहे. त्याला भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आवळणारी पट्टी नाही, गॅस्केट (गळती रोखणारी रबरी पट्टी) नाही, झडप नाही. तो सिलिकॉन लावून चिकटवणार, आणि सिलिकॉन पीव्हीसीच्या शीटला धरत नाही.

काही जण अशा पूललाही खरा, भिंतीतला स्किमर नीट गॅस्केट लावून बसवतात आणि तो चालतोही. मी तो बसवून देत नाही. लवचिक भिंतीवर पाण्याने भरलेलं खोकं लटकणार, पोरांच्या धक्क्याने रोज हलणार, आणि त्याचे स्क्रू पकडून राहणार कशाला? तर त्याच शीटला. तुमच्या पूलला टांगता, म्हणजे काठाला नुसता अडकवायचा स्किमर लावा. भोक पाडायचं काम नाही, आवडला नाही तर काढून ठेवता येतो.

आता स्किमर नेमकं करतो काय ते बघा, कारण त्यावरच पुढचं सगळं आहे. पंपाकडे जाणारं तोंड भिंतीत खाली असतं. तिथून मधलं पाणी ओढलं जातं, वरचा थर जागचा हलत नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे ठाऊक आहे: उडी मारण्याआधी हाताने पाला बाजूला सारावा लागायचा, आणि वारा असेल तर सगळा पाला एकाच कोपऱ्यात गोळा झालेला दिसायचा. स्किमर तेवढं वरचं बोटभर पाणी ओढतो, दुधावरची साय काढावी तसं. त्याच्या तोंडाशी एक हलती झडप असते, किंवा टांगत्या प्रकारात तरंगती कडी. पाणी तिच्यावरून पातळ थराने आणि वेगाने आत उतरतं, कचरा टोपलीत अडकतो, पाणी पुढे फिल्टरला जातं. पंप बंद झाला की झडप उभी राहते आणि गोळा झालेला पाला परत बाहेर येत नाही.

यात वेळेला किंमत आहे. कडुलिंबाचं पान काही तास तरंगतं, मग भिजून तळाला बसतं. तिथे ते कुजतं, पाण्यातला क्लोरीन खातं, आणि तळाला हात लावला की लिबलिबीत लागतं. तरंगतंय तोवर उचललं तर टोपली झटकण्याचं काम, बुडालं की ब्रश आणि व्हॅक्यूमचं काम. आपल्याकडे आणखी एक गोष्ट वर तरंगते, ती म्हणजे डोक्याचं तेल. रविवारी पोरांची डोकी खोबरेल चोपडून पूलमध्ये सोडली की संध्याकाळी लायनरवर, म्हणजे पूलच्या आतल्या शीटवर, पाण्याच्या रेषेला चिकट पिवळसर पट्टा दिसतो. स्किमर तो तवंग ओढून फिल्टरपर्यंत नेतो खरा, पण कार्ट्रिज तेलाने बसतं. साबणाने डोकं धुऊन मगच पाण्यात, हा नियम स्किमरपेक्षा स्वस्त पडतो.

उन्हाळ्यात वावटळीबरोबर येणारी काळ्या मातीची धूळ मात्र स्किमरला फारशी सापडत नाही. ती बारीक असते, बुडते. तिला फिल्टर आणि व्हॅक्यूमच. स्किमर लावल्यावर पूल आरशासारखा होईल असं कोणी सांगत असेल तर त्याला विकायचाय म्हणून सांगतोय.

पंप पुरेल का, ते आधी लेबलवर बघा. इंटेक्स कंपनीच्या टांगत्या स्किमरला ताशी सुमारे ३,००० लिटर, म्हणजे ८०० गॅलन, एवढा प्रवाह लागतो. इतर कंपन्यांच्या स्किमरसाठीही मी हाच आकडा धरतो. त्याखाली कडी नीट बुडत नाही, पानं तोंडाशी येऊन नुसती घुटमळतात. १५ फुटी पूलबरोबर आलेला पंप बहुधा पुरतो, १२ फुटीबरोबरचा छोटा पंप पुरत नाही. लेबलवरचा आकडा मोकळ्या पंपाचा असू शकतो. फिल्टर आणि नळ्या लागल्या की तो खाली येतो, आणि कार्ट्रिज मळलेलं असेल तर फारच खाली. बोअरचं पाणी भरलं असेल तर कार्ट्रिजच्या घड्यांवर क्षारांचा पांढरा थर बसतो. पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं तरी तो जात नाही, कार्ट्रिज दगडासारखं कडक लागतं. तसं असेल तर आधी कार्ट्रिज बदला, मग पंप कमी पडतो का ते ठरवा. ताशी तीन हजार लिटर खरोखर मिळत असतील तर तुमच्या पूलचं सगळं पाणी साडेपाच ते सहा तासांत एकदा फिरतं. तेवढं रोज पुरे. ते तास दोन भागांत वाटा, थोडे सकाळी आणि जास्त दुपारी चारनंतर, कारण वारा तेव्हा सुटतो आणि कचराही तेव्हाच पडतो.

वाऱ्याचं आलंच आहे तर जागा ठरवून टाकू. स्किमर वाऱ्याच्या समोर, म्हणजे वारा पाला ढकलत नेतो त्या काठाला हवा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक वेळा पश्चिमेच्या बाजूने येतो, म्हणून पूर्वेचा काठ. पण शेतातलं घर, पत्र्याची शेड, उसाचा फड यांनी वारा वळतो, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. दुपारी चार वाजता पंप बंद ठेवून मूठभर सुकी पानं मध्यभागी टाका आणि चहा पिऊन या. पानं जिथे गोळा झाली ती जागा. दोन-तीन दिवस करून बघा.

अडचण अशी की टांगता स्किमर आतल्या नळीने पंपाच्या भोकाला जोडायचा असतो आणि ते भोक तुम्ही पूल उभा केला तेव्हाच एका बाजूला कायम झालंय. पूल रिकामा असता तर फिरवून घ्या म्हटलं असतं. एवढ्यासाठी सोळा हजार लिटर पाणी सोडून देऊ नका. थोडी लांब नळी घ्या आणि भिंतीला लागून फिरवा. नळी फार लांब केली तर ओढ कमी होते, तेव्हा पाव घेरापेक्षा जास्त नको. पाणी परत येतं त्या तोंडाची चकती फिरवून धार भिंतीच्या कडेने जाईल अशी करा. सगळा पृष्ठभाग हळूहळू गोल फिरला पाहिजे, म्हणजे प्रत्येक पान कधी ना कधी स्किमरच्या तोंडासमोरून जातं. धार थेट स्किमरवर मारली तर उलट ती पानांना लांब ढकलते.

आता मुद्द्याची गोष्ट. पुण्या-मुंबईचा माणूस स्किमर कसा बसवायचा एवढंच सांगेल. सोलापुरात मी आधी विचारतो, पातळी कोण राखणार?

स्किमरला पाणी त्याच्या तोंडाच्या मध्यावर लागतं, थोडं वर चालेल. वर गेलं तर झडप बुडते आणि वरचा थर ओढलाच जात नाही. खाली गेलं तर पाण्याबरोबर हवा आत जाते. परतीच्या तोंडातून बुडबुडे येऊ लागतात, पंपाचा आवाज बदलतो, खडखड होते. नंतर पंप पाणी सोडतो आणि कोरडा फिरतो. पंपाचं सील पाण्यानेच थंड राहतं. कोरडं फिरलं की ते जळतं, मग शाफ्टपासून गळती सुरू.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून जातो, वारा कोरडा असतो. उघड्या पूलमधून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी सहज उडून जातं. तुमच्या पूलचा पृष्ठभाग सुमारे १६ चौरस मीटर, म्हणजे सेंटिमीटरला १६० लिटर. पोरांनी उडवलेलं पाणी वेगळं. स्किमरचं तोंड असतं चार-सहा इंच उंच. मध्यापासून दोन इंच पाणी उतरलं की हवा ओढायला सुरुवात. हिशेब करा: पाच दिवस. आणि तुम्ही शेतावर जाता रविवार ते रविवार. टायमर रोज पंप लावतोय, शेतावरची लाइट जाऊन-येऊन आहे, शुक्रवारी पंप हवा ओढतोय आणि तिथे ऐकायला कोणी नाही. पंप जळाले ते बहुतेक असे जळाले. स्किमर खराब नव्हता, कंपनीही वाईट नव्हती.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही करा.

पहिला, पाणी आपोआप भरण्याची सोय. घराच्या टाकीत बसवतो तोच अर्ध्या इंचाचा बॉल कॉक फ्रेमच्या नळीला क्लॅम्प करून पूलच्या आत सोडा आणि उंचावर ठेवलेल्या टाकीवरून लाइन द्या. त्याचं तोंड पाण्याच्या वर, हवेत राहिलं पाहिजे. बुडलेलं असेल आणि टाकी रिकामी झाली तर पूलचं पाणी उलटं पिण्याच्या लाइनमध्ये ओढलं जाऊ शकतं. आणि थेट मोठ्या टाकीवरून लाइन देऊ नका. पाचशे लिटरची वेगळी टाकी ठेवा, ती गडी तीन दिवसांनी भरेल. बॉल कॉक अडकला आणि रात्रभर वाहत राहिला तर पाचशे लिटर जातील, अख्खा टँकर जाणार नाही. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं तिथे एवढी काळजी कंजूसपणा म्हणून कोणी हसणार नाही.

दुसरा, रात्री आणि सोमवार ते शनिवार पूल झाकून ठेवा. झाकण घातलं की पाणी कमी उडतं, पाला झाकणावर पडतो आणि स्किमरचं निम्मं काम तिथेच होतं. फक्त झाकण असताना स्किमर चालवू नका, पंप खालच्या तोंडावरून चालू दे. झाकणाचा सैल भाग स्किमरच्या तोंडात ओढला जातो.

एवढं जमणार नसेल, म्हणजे बॉल कॉक नको, गडी नाही, तर स्किमर फक्त तुम्ही तिथे असताना चालवा. बाकी दिवस पंप खालच्या तोंडावरून चालू दे. टांगत्या स्किमरचा खरा फायदा मला हाच वाटतो: नळी काढली, जाळी लावली, दोन मिनिटांत पूल पूर्वीसारखा.

बसवणं सोपं आहे. पंप बंद, प्लग काढलेला. पंपाच्या नळीवरचा व्हॉल्व्ह बंद करा. व्हॉल्व्ह नसेल तर भोकाला बूच लावा, कारण हा पंप पाण्याच्या पातळीखाली असतो. नळी सुटली की पूल तिथून रिकामा होऊ लागतो. स्किमरचा आकडा वरच्या आडव्या नळीला अडकवा, स्क्रू हाताने आवळा. आत, पंपाकडे जाणाऱ्या भोकाची जाळी फिरवून काढा, तिथे स्किमरची नळी बसवा. नळी बसवताना ती आधी पूर्ण पाण्यात बुडवून हवा काढून घ्या, नाहीतर पहिल्याच वेळी पंप हवा धरून बसेल. मग उंची लावा: कडी पाण्याच्या रेषेवर तरंगली पाहिजे. पंप चालू करा आणि दहा मिनिटं तिथेच उभं राहा. कडीच्या आत पाणी बोटभर खोल उतरताना दिसलं की बरोबर. भोवरा होऊन गुरगुर आवाज आला तर स्किमर थोडा खाली घ्या. पानं जवळ येऊन थांबत असतील तर थोडा वर. पूल भरलेला असताना फ्रेम एका बाजूला कललेली असली तर तिथे पातळी वेगळी दिसते. त्यासाठी स्किमरला शिव्या देऊ नका, जमीन सपाट केली नव्हती.

कडुलिंबाची पानगळ माघ-फाल्गुनात होते. पाडव्याच्या आसपास मोहोर गळायला लागतो आणि तो खरा त्रास देतो. ती पांढरी फुलं इतकी बारीक की टोपलीच्या भोकांतून सरळ निघून कार्ट्रिजमध्ये जाऊन बसतात. टोपलीला आतून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा किंवा नायलॉनचा मोजा घाला. मात्र मग टोपली लवकर भरते. मोहोराच्या दिवसांत दर दोन तासांनी झटका, नाहीतर प्रवाह अडतो आणि पुन्हा तेच, पंप उपाशी. गुलमोहराची बारीक पानं याहून वाईट, पण ती तुमच्याकडे नाहीत म्हणताय, नशीब. साखर कारखान्याजवळ शेत असेल तर गाळपाच्या दिवसांत धुराड्याची काळी राख पाण्यावर येते. तिलाही हाच मच्छरदाणीचा उपाय, पण ती बोटाने चोळू नका, लायनरवर डाग पडतो.

पुढच्या वर्षीच्या पत्र्याच्या पूलकडे येऊ. त्याची भिंत गॅल्व्हनाइझ्ड पत्र्याची असते, आत वेगळा लायनर. इथे भिंतीतला स्किमर हाच योग्य, आणि बहुतेक पूलमध्ये त्याची जागा कारखान्यातच छापून दिलेली असते. विकत घेताना हे विचारा. आणि पूल उभा करतानाच ती जागा वाऱ्याच्या समोरच्या काठाला येईल असं बघा, नंतर फिरवता येत नाही.

जागा छापलेली नसेल तर कापावं लागतं. पाणी त्या तोंडाच्या हातभर खाली उतरवा. स्किमरबरोबर कागदाचा साचा येतो. तो बाहेरून चिकटवा, वरची कडा लेव्हल बाटलीने सरळ करा, भोकांच्या खुणा करा. लायनर आतून हाताने मागे ओढून एक जण धरून ठेवील, दुसरा पत्रा कापील. मध्ये लाकडाची फळी सरकवा, म्हणजे ब्लेड निसटलं तरी लायनर वाचतो. ग्राइंडरपेक्षा जिगसॉ बरा. ग्राइंडरच्या ठिणग्या लायनरला सुईसारखी भोकं पाडतात आणि ती आठवडाभराने सापडतात. कापलेली कडा कानशीने गुळगुळीत करा, बोट फिरवून खात्री करा. उघड्या लोखंडावर जस्ताचा रंग दोन हात मारा, वाळू द्या, वरून जाड टेप गुंडाळा. हा रंग लोक टाळतात. क्लोरीनचं पाणी आणि उघडा पत्रा एकत्र आले की गंज तिथूनच सुरू होतो, आणि तो स्किमरच्या पट्टीआड असल्यामुळे दिसेपर्यंत भिंत गेलेली असते.

मग स्किमरचं खोकं बाहेरून, पत्रा आणि खोक्याच्या मध्ये एक गॅस्केट. आतून लायनर सरळ खाली सोडा, सुरकुती राहू देऊ नका, त्यावर दुसरं गॅस्केट, त्यावर फेसप्लेट, म्हणजे तोंडावरची चौकट. स्क्रू लायनरमधून टोचून घाला, आधी वरचा मधला आणि खालचा मधला, मग समोरासमोरचे, थोडे थोडे. एकच बाजू एकदम आवळली तर प्लेट वाकते आणि दुसरी बाजू गळते. ड्रिल मशीनने स्क्रू आवळू नका, प्लास्टिकचे आटे उडतात. हाताच्या पेचकसाने, शेवटचा पीळ सगळ्यांना सारखा.

लायनर अजून कापलेला नाही, लक्षात घ्या. फेसप्लेट पूर्ण आवळून झाल्यावरच, प्लेटच्या आतल्या कडेने, नव्या ब्लेडने, तोंडापुरता लायनर कापायचा. आधी कापला तर तो ताणाने आकसतो, स्क्रूच्या भोकांपासून निसटतो, आणि मग नवा लायनर घेण्याशिवाय इलाज नाही. हे काम सकाळी लवकर करा. दुपारच्या उन्हात पीव्हीसी इतकं मऊ आणि लांब होतं की सरळ वाटलेला लायनर रात्री थंड झाल्यावर ओढला जातो. गॅस्केट असताना सिलिकॉनचा थर देऊ नका. गॅस्केट घसरतं आणि पुढच्या वेळी उघडताना सगळं फाटतं.

खोक्याच्या तळाला दीड इंचाचे आटे असतात. तिथे एमटीए (बाहेरून आटे असलेला पाइपचा जोड), टेफ्लॉन टेप, हाताने घट्ट आणि वर फार तर अर्धा फेरा. पान्याने ताकद लावली तर खोक्याला केसासारखी चीर जाते. पुढे युनियन (खोलता येणारा सांधा) आणि बॉल व्हॉल्व्ह हवेतच, म्हणजे पंप काढताना पूल रिकामा करावा लागत नाही. बाहेरून आलेल्या पूलच्या नळ्या आणि आपल्याकडचे पाइप यांची मापं जुळत नाहीत, दीड इंच लिहिलेलं असलं तरी. स्किमरचं तोंड, पंपाचं तोंड दोन्ही बरोबर घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा. ओढणाऱ्या बाजूला हवा कुठून शिरते ते शोधायला शेव्हिंगचा फेस वापरा. पंप चालू असताना प्रत्येक सांध्यावर थोडा लावा. जिथे फेस आत ओढला जाऊन खड्डा पडतो तोच सांधा.

मेहुण्यांच्या हौदाला कापाकापी नको. आरसीसीची भिंत फोडली तर सळई उघडी पडते. विटांची असेल तर गिलावा आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही तुटतं. स्किमरच्या प्लास्टिकला साधं सिमेंट धरत नाही, त्यामुळे नंतर बसवलेल्या स्किमरचा गळा बहुतेक वेळा ठिबकतोच. नवा हौद बांधणार असतील तर काँक्रीटसाठीचा स्किमर शटरिंगमध्येच बांधून घ्यावा आणि भोवती न आकसणारं ग्राउट भरावं. असलेल्या हौदाला जाड भिंतीचा आकडा असलेला टांगता स्किमर किंवा नुसती लांब दांड्याची जाळी. १२ फुटांखालच्या पूललाही मी जाळीच सांगतो.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या, त्या मात्र सोडू नका. पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं. सॉकेट पाण्यापासून साडेतीन मीटरहून लांब हवं. एक्स्टेंशन बोर्डला टेप गुंडाळून गवतात ठेवलेला दिसला तर मी काम सुरूच करत नाही. आणि स्किमरच्या तळाचं भोक किंवा भिंतीतलं ओढणारं तोंड जाळीशिवाय उघडं ठेवून पंप लावायचा नाही. अमेरिकेत २००२ मध्ये सात वर्षांची एक मुलगी हॉट टबच्या तळाच्या ड्रेनला ओढली जाऊन बुडाली. त्यानंतर २००७ मध्ये तिथे अशा तोंडांच्या जाळ्यांसाठी कायदाच झाला. आपला पंप छोटा असला तरी पोरींचे लांब केस नळीत ओढले जायला तेवढी ओढ पुरते. पोरं पाण्यात असताना पंप बंद आणि टांगता स्किमर बाहेर. टोपलीत कचरा किती आला ते बघायला त्यांचे हात आत जातातच.

क्लोरीनच्या गोळ्या स्किमरच्या टोपलीत टाकायची सवय बऱ्याच जणांना असते. पंप बंद झाला की त्या गोळीचं आम्लासारखं पाणी तिथेच साचतं, लायनरचा रंग उडवतं, झडप आणि गॅस्केट खातं. गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवा. आणि ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर त्या गोळ्यांबरोबर कधीही एका भांड्यात मिसळू नका, स्फोट होऊ शकतो.

मृगाचा पाऊस सुरू झाला की पातळी तोंडाच्या वर जाते. तेवढं पाणी झाडांना सोडून द्या, पण आधी आठवडाभर क्लोरीन टाकणं बंद करा. पूल गुंडाळून ठेवणार असाल तर स्किमरची टोपली आणि कडी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. नळ्या गोल गुंडाळून शेडमध्ये छताला टांगा. जमिनीवर पोत्यात ठेवल्या तर दिवाळीपर्यंत उंदीर त्यांची चाळण करतात.